आत्याचं अर्धं वाक्य

माझी आत्या रागीट आहे, असं आमच्या घरात सगळेच सांगतात. ते अर्धवट खरं आहे. रागीट माणसाला कशाचाही राग येतो. आत्याला ठरावीक गोष्टींचाच येतो, पण आला की तो मुक्कामाला येतो.

मी सांगतेय तो राग दोन वर्षांपूर्वीचा आहे आणि अजून मुक्कामालाच आहे.

हॉस्पिटलच्या धुलाईघरात तिने अडतीस वर्षं काढली. तळघरातली लांबलचक खोली, वर उघडे पाइप, आणि दिवसभर अशी वाफ की भिंतीवरच्या घड्याळाची काच आतून ओली दिसायची. वरच्या मजल्यांवरून ढकलगाड्या भरून कपडे यायचे. पहिलं काम निवडायचं. जाड हातमोजे घालून एकेक चादर झटकायची, कारण चादरींत काय काय निघतं याला हिशेब नाही. कात्र्या, चष्मे, एकदा एक अख्खी कवळी. तिचा मालक शोधायला आत्या स्वतः तीन मजले चढून गेली होती. शेवटची पंधरा वर्षं ती इस्त्रीच्या रोलरवर होती. दोन खाटांएवढा रुंद तापलेला रोलर, त्याच्या तोंडाशी दोन बायका. दोघींनी चादरीची दोन टोकं धरायची, ताणायची आणि एकाच वेळी आत सोडायची. एकीचा हात जरा मागे राहिला की पलीकडून चादर चुणी पडून बाहेर येते. नव्या बाईला आत्या पहिल्याच दिवशी सांगायची, की ही चुणी आज रात्री कुणाच्या तरी पाठीखाली जाणार आहे, आणि त्या माणसाला कूस बदलता येत नसणार. एवढं सांगितलं की पुन्हा सांगावं लागायचं नाही.

धुलाईघराबाहेर तिचं दुसरं आयुष्य होतं फुटबॉल.

माझे आजोबा बस चालवायचे आणि शनिवारी निळ्यांच्या सामन्याला जायचे. आमच्या शहरातला मोठा क्लब तो, निळी जर्सी, म्हणून निळे. आजीला शनिवारी कामावर जावं लागायचं. घरी दोन मुलं. माझ्या वडिलांना गोंगाट सोसायचा नाही, ते शेजारणीकडे खुशाल बसायचे. आत्या नऊ वर्षांची होती, ती आजोबांबरोबर पूर्वेच्या स्टँडमध्ये गेली आणि तिथलीच झाली. आजोबा गेले तेव्हा त्यांची जागा तिने स्वतःच्या नावावर करून घेतली. दोन बोटं तोंडात घालून ती अशी शिट्टी मारते की समोरच्या स्टँडमधली माणसं मान वळवतात. तिथे तिला कुणी नावाने ओळखत नाही. तिचं नाव शिट्टी.

तिच्या शेजारी तीस वर्षं एक पोस्टमन उभा राहतो. आता निवृत्त आहे, पण नाव पोस्टमनच. दोघांना एकमेकांची ऑपरेशनं माहीत, एकमेकांच्या वाईट सवयी माहीत. घर कुठे आहे ते माहीत नाही. शनिवारपुरतं नातं, पण पक्कं.

आणि आतोबा. आत्याच्या नवऱ्याचं कुलूप-किल्ल्यांचं छोटं दुकान आहे आणि तो नदीपलीकडच्या क्लबचा. त्यांची जर्सी विटेच्या रंगाची, म्हणून ते विटकरी. एकाच बाजूला छप्पर असलेलं मैदान, गोलच्या मागे लाकडी कुंपण, आणि चेंडू कुंपणापलीकडे गेला की सगळे थांबून वाट बघतात. आत्या नवऱ्याला चारचौघांत सुद्धा "अहो विटकरी" म्हणते. त्यांच्या लग्नात अर्धा हॉल निळा होता आणि अर्धा विटकरी, आणि फोटोग्राफरने म्हणे विचारलं होतं की भांडण झालं तर कुठल्या बाजूने पळायचं.

हे लग्न जमलं कसं, ते सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आमच्या देशातल्या लीगचा नियम साधा. वर्षाच्या शेवटी तळाचे तीन क्लब खालच्या विभागात जातात आणि खालचे पहिले तीन वर येतात. क्लब केवढा का मोठा असेना, खेळला नाही की पडला. आत्या सत्तावीस वर्षांची असताना निळे पडले. शेवटचा सामना घरच्याच मैदानावर हरले. सामना संपल्यावर तासभर स्टँडमधून कुणी हललं नाही. आत्या ढसाढसा रडली. आजोबा तिच्या पाठीवर हात ठेवून उभे होते आणि स्वतः समोर मैदानाकडे बघत होते.

पुढचं वर्ष खालच्या विभागात. तीन बस बदलून जायची मैदानं, गुडघाभर चिखल, गोलकीपरच्या इतकं जवळ उभं राहायचं की त्याच्या शिव्या ऐकू याव्यात. पूर्वेच्या स्टँडमधली हजारो माणसं घटून पाच-सहाशे राहिली आणि ती सगळी एकमेकांना ओळखायला लागली. विटकरी तेव्हा त्याच विभागात होते. त्यांच्या मैदानावर कुंपणाशी एका माणसाने आत्याला सांगितलं की बाई, शिट्टी जरा दुसऱ्या कानाकडे मारा, हा कान गेला. तो आतोबा. त्या वर्षी निळे परत वर चढले, आणि त्या वर्षाबद्दल आत्या ज्या आवाजात बोलते त्या आवाजात ती पुढच्या कुठल्याही चषकाबद्दल बोलत नाही.

दोन वर्षांपूर्वी क्लबमधून एक बाई तिला भेटायला आली. जनसंपर्काचं काम बघणारी, तिशीची, गोड बोलणारी. क्लबला शंभर वर्षं होतायत, जुन्या चाहत्यांवर फिल्म करतोय, तुमच्याशिवाय ती होऊच शकत नाही, वगैरे. आत्या खुलली. खोटं कशाला बोला, कुणीही खुललं असतं. कॅमेरा घेऊन ते धुलाईघरात आले, रोलरवर तिचे हात टिपले, मग रिकाम्या स्टँडमध्ये तिला तिच्या जागेवर उभं करून बोलायला लावलं. मी त्या दिवशी बरोबर होते. तिला विचारलं, सगळ्यात वाईट आठवण कुठली. ती म्हणाली:

"पडलो त्या दिवशी मी ढसाढसा रडले. वाटलं, असा दिवस परत कधी बघायला लागू नये. पण खरं सांगू का, पुढचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. चिखलात उभे राहिलो, कुठल्या कुठल्या गावांत गेलो, नवरा तिथेच भेटला. पडलो नसतो तर हा क्लब काय आहे ते मला कळलंच नसतं."

कॅमेरा धरलेला माणूस हसला. जनसंपर्कवाल्या बाईने डोळे पुसले, किंवा तसं केलं. मग एक कागद पुढे आला आणि आत्याने सही केली. आतोबाने घरी विचारलं होतं, वाचलास का. कुलपांच्या धंद्यातला माणूस, त्याला सवयच. आत्या म्हणाली, आपल्याच क्लबचा कागद काय वाचायचा.

चार महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, बातमी आली. वेगवेगळ्या देशांतले दहा श्रीमंत क्लब मिळून स्वतःची वेगळी लीग काढणार. त्यात आमचे निळे. तिथे तेच दहा क्लब कायम खेळणार. कुणी पडणार नाही, आणि खालून कुणी चढून येणार नाही. दार आतून बंद. बातमीबरोबर क्लबने एक फिल्म टाकली होती. मी ती अंथरुणातच फोनवर बघितली आणि तशीच आत्याच्या घरी पळाले.

ती खिडक्यांच्या काचा पुसत होती. मी फोन हातात दिला. पडद्यावर रोलर, वाफ, तिचे हात. मग स्टँड. मग तिचा चेहरा, आणि तिचा आवाज. पडलो त्या दिवशी मी ढसाढसा रडले. वाटलं, असा दिवस परत कधी बघायला लागू नये. तिथे संगीत चढलं, चेहरा विरला आणि निळ्या अक्षरांत आलं: आता तो दिवस कधीच येणार नाही. खाली नव्या लीगचं चिन्ह.

आत्याने फोन हाताच्या अंतरावर धरून ती दुसऱ्यांदा बघितली. मग मला विचारलं, "माझं पुढचं बोलणं कुठे गेलं?"

ती ओला कपडा हातात घेऊन तशीच खुर्चीवर बसली. पाणी ठिबकून पायाशी थारोळं झालं तरी तिचं लक्ष नव्हतं. आतोबा दारात उभा राहून बघत होता. "वाचायला सांगितलं होतं" हे वाक्य त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं, आणि त्याने ते गिळलं. तीस वर्षांच्या संसारात त्याने केलेल्या शहाणपणांपैकी ते सगळ्यात मोठं असावं.

सोमवारी धुलाईघरात बायकांनी तिला घेरलं. किती छान दिसतेस, आमचा रोलर पण किती छान दिसतोय. फुटबॉलचं त्यांना काय. आत्या चादरी सोडत राहिली. पण फोनवर वेगळं चाललं होतं. पूर्वेच्या स्टँडच्या ग्रुपवर एकाने तिचा फोटो टाकून खाली लिहिलं, शिट्टी विकली गेली. त्याखाली दोनशे माणसांनी आपापली थुंकी टाकली. यातल्या निम्म्यांच्या पोरांना तिने खांद्यावर घेऊन गोल दाखवले होते. कुणी तरी आत्याच्या दारावर कागद चिकटवला, त्यावर एकच शब्द, तो मी इथे लिहीत नाही. आतोबाने तो गरम पाण्याने खरवडून काढला, आणि दाराच्या रंगाचा टवका त्याबरोबर निघाला.

मंगळवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि क्लबच्या कचेरीत गेली. मला बरोबर नेलं, बहुधा आपण काय करू याची तिची तिलाच खात्री नव्हती म्हणून. काचेची इमारत, काचेचं टेबल, काचेच्या बाटलीत पाणी. जनसंपर्कवाली बाई उठून पुढे आली, हात हातात घेतला आणि सांगितलं की फिल्म लाखो लोकांनी बघितली, सगळ्यांना आत्या फार आवडली.

आत्या म्हणाली, फिल्म काढून टाका.

बाईने समजुतीच्या सुरात कागद दाखवला. संपादनाचा हक्क क्लबकडे, असं त्यात होतं. सही आत्याची. आणि मग ती म्हणाली, "आम्ही एकही शब्द बदललेला नाही, ताई. सगळे तुमचेच शब्द आहेत."

"शब्द माझे आहेत," आत्या म्हणाली. "वाक्य तुमचं आहे."

बाईने कागद घडी करून बाजूला ठेवला. मला वाटतं तिला कळलं होतं, मूर्ख नव्हती ती. पण तिच्यामागे त्या इमारतीचे बारा मजले होते. तिने विषय बदलला. नव्या लीगच्या सामन्यांना आत्यासाठी वरच्या मजल्यावरच्या खास कक्षात कायमची जागा ठेवता येईल, पाहुण्यांसारखी. आत्याने विचारलं, पाहुण्यांसारखी म्हणजे? आजपर्यंत मी तिथे कोण होते? उत्तराची वाट न बघता ती उठली. लिफ्टमध्ये तिचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मी त्या लिफ्टमध्ये शेजारी उभं राहून बघितली.

शनिवारी ती सामन्याला गेली. सगळे म्हणत होते जाऊ नको. तिचं म्हणणं, मी काय चोरी केलीय? जागेवर जाऊन उभी राहिली तर मागच्या रांगेतले लोक तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. ते तिने सोसलं. पोस्टमन मात्र शेजारीच होता, समोर बघत. अर्धा सामना झाला तरी एक शब्द नाही. मध्यंतरात त्याने मान न वळवता विचारलं, "किती दिले त्यांनी?"

हे तिने मला खूप दिवसांनी सांगितलं. त्या दिवशी फक्त एवढंच कळलं की मध्यंतरातच ती घरी आली, आणि अठ्ठेचाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवायला आमच्याकडे होते दोघं. माझ्या वडिलांनी नको तिथे तोंड उघडलं. खरं तर ते जे बोलले ते शहरातले बरेच जण बोलत होते, आणि त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. त्यांचं म्हणणं, दर आठवड्याला जगातले उत्तम खेळाडू एकमेकांविरुद्ध बघायला मिळणार असतील तर वाईट काय. तळाच्या टुकार क्लबांबरोबरचे सामने आता बघवत नाहीत. सगळे सोफ्यावर बसूनच बघतात, स्टँडमध्ये मावणारी माणसं ती किती. आणि पडण्यात कसला आलाय मोठेपणा?

"ताई, तू भावनेच्या भरात बोलतेस," असं म्हणून त्यांनी भात वाढून घेतला.

आतोबा सहसा आमच्या घरात फुटबॉल बोलत नाही, पाहुण्याची मर्यादा पाळतो. त्या दिवशी त्याने चमचा खाली ठेवला. चषकाच्या सामन्यात कधी तरी निळे आमच्याकडे येतात, तो म्हणाला, त्या एका दिवसाच्या तिकिटांवर आमचा क्लब दोन वर्षं काढतो. पण ते सोडा. आमच्या मैदानावर जो पोरगा चेंडू मारतो तो आज ना उद्या आपण वर जाऊ म्हणून मारतो. ते एकदा नाही म्हणून सांगितलंत, की तो कशासाठी खेळणार?

वडील म्हणाले, व्यायाम म्हणून.

आत्या उभी राहिली. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं. "तुला लहानपणी गोंगाट सोसायचा नाही म्हणून तू घरी राहिलास. तुला कुणी कधी काही म्हटलं नाही. पण मी जिथे उभी राहिले ती जागा माझ्याच तोंडाने बंद करवली त्यांनी, आणि तू मला भावनेचं सांगतोस." ताट तसंच ठेवून दोघं गेले. आईने वडिलांकडे जे बघितलं त्यानंतर आमच्या घरात दोन दिवस फक्त टीव्ही बोलत होता.

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता क्लबने वार्षिक पासवाल्यांची सभा बोलावली. लोक चिडले होते, त्यांना शांत करायचं होतं. मैदानाखालचा मोठा हॉल, हजारभर खुर्च्या, त्यापेक्षा जास्त माणसं. व्यासपीठावर क्लबचा व्यवस्थापकीय संचालक, उंच, कोटातला, बाजूला ती जनसंपर्कवाली बाई. आम्ही मागच्या भिंतीला टेकून उभ्या. लोक वळून आत्याकडे बघत होते आणि पुन्हा पुढे बघत होते.

आणि त्यांनी काय करावं? सभेची सुरुवात त्या फिल्मने केली. मला आजही कळत नाही हे कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं. दिवे मंद झाले, पडद्यावर रोलर आला, वाफ आली, आत्याचे हात आले. हॉलमध्ये हुर्यो सुरू झाली. मग तिचा चेहरा. पडलो त्या दिवशी मी ढसाढसा.

आत्याने दोन बोटं तोंडात घातली.

बंद हॉलमध्ये ती शिट्टी मी पहिल्यांदाच ऐकली आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही. माझ्या पुढच्या माणसाने डोकं दोन्ही हातांत धरलं. फिल्म कुणी तरी घाबरून थांबवली. आत्या भिंत सोडून मधल्या वाटेत आली आणि म्हणाली की त्या पडद्यावरची बाई मी आहे, आणि माझं बोलणं अजून संपलेलं नाही.

मग तिने बाकीचं सांगितलं. तेच, रिकाम्या स्टँडमध्ये सांगितलेलं. चिखल, तीन बस, कुंपणाशी भेटलेला नवरा. फिल्ममध्ये होतं त्यापेक्षा कितीतरी रुक्ष आवाजात, चादरी मोजल्यासारखं. शेवटी म्हणाली, हे सगळं मी बोलले होते, यांनी कापलं.

संचालकाने माइक जवळ घेतला. आम्ही ताईंच्या भावना समजू शकतो, असं काहीसं सुरू केलं.

"भावना राहू द्या," आत्या म्हणाली. "माझं सगळं बोलणं तुमच्याकडे आहे. कॅमेरा तुमचा होता. आत्ता इथे लावा, पडद्यावर. मी खोटं बोलत असले तर सगळ्यांना दिसेल."

संचालकाने बाईकडे बघितलं, बाईने टेबलाकडे. तो म्हणाला, तांत्रिकदृष्ट्या ते आत्ता शक्य नाही.

हे शब्द त्याच्या तोंडून निघाले आणि हॉलला कळलं. मग पुढच्या रांगेतून एक म्हातारा उठला. पोस्टमन. त्याने व्यासपीठाकडे बोट करून एकच शब्द म्हटला, "लावा." मागून दुसरा म्हणाला. मग सगळे. खुर्च्या आपटत, लावा, लावा, लावा. दहा मिनिटांनी संचालक मागच्या दाराने गेला. सभा संपल्याचं सांगायलाही कुणी उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी फिल्म क्लबच्या पानावरून गेली. तांत्रिक कारणास्तव, असं लिहिलं होतं. लोकांनी उतरवून घेतलेल्या नकला अजून फिरतायत, त्याला इलाज नाही. इतर शहरांतही लोक रस्त्यावर उतरले होते. एकेक क्लब मागे हटायला लागला आणि पुढच्या आठवड्यात निळ्यांनीही अंग काढून घेतलं, दहांतले सातवे. म्हणजे हिंमत पण धड नाही, आधी सहा जणांना जाऊ दिलं. पासवाल्यांना पत्र आलं, आम्ही तुमचा आवाज ऐकला.

शहरात लोक गळ्यात गळे घालून नाचले. आम्हाला वाटलं आता आत्या निवेल. ती ते पत्र वाचून आणखी भडकली. ऐकला म्हणे. संचालक त्याच खुर्चीवर, जनसंपर्कवाल्या बाईला बढती. क्लबने लेखी माफी मागावी अशी आत्याची मागणी होती, तिची बोळवण एका खोक्याने केली. आत निळी जर्सी, पाठीवर तिचं नाव छापलेलं, आणि छापील शुभेच्छा. ते तिने परत पाठवलं. पुन्हा आलं, पुन्हा परत पाठवलं.

पोस्टमन घरी आला. तीस वर्षांत पहिल्यांदाच, पत्ता माझ्याकडून घेऊन. आयुष्यभर लोकांच्या दारांवर उभा राहिलेला माणूस त्या दारात कसं उभं राहावं ते विसरला होता. चुकलं म्हणाला. आत्याने त्याला बसायला सांगितलं, पण चहा विचारला नाही. क्लबने कापलं याचा मला राग आहे, तिने त्याला सांगितलं, पण त्यांना मी कोण ते ठाऊक नव्हतं, तुला होतं. तो मान खाली घालून तासभर बसला आणि गेला. पुढच्या आठवड्यात परत आला. चौथ्या खेपेला चहा मिळाला.

वर्ष संपलं तसा तिने पास पुढे चालू केला नाही. पण सोडूनही दिलं नाही. क्लबच्या घटनेत एक कलम घालायचं, असं तिच्या डोक्याने घेतलं. पासवाल्यांच्या मतदानाशिवाय क्लबने कुठलीही लीग सोडायची नाही किंवा नवी धरायची नाही. एवढंच, दोन ओळी. मसुदा आतोबाने तीनदा वाचला, एकेक शब्द किल्लीसारखा फिरवून बघितला. दर शनिवारी सामन्याआधी दोन तास ती आणि पोस्टमन पूर्वेच्या फाटकाबाहेर घडीचं टेबल टाकून सह्या घ्यायला लागले. सामना सुरू झाला की पोस्टमन आत जातो. ती जात नाही.

एका शनिवारी मी तिथेच होते तेव्हा माझे वडील आले. गर्दीत कसेबसे, कानांत बोळे घालून. त्यांच्याकडे पास नव्हता, पण शहरातल्या कुणाच्याही सहीसाठी वेगळा कागद होता. ते टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "मला अजून वाटतं ती लीग चांगली होती."

आत्याने तो वेगळा कागद वर काढला.

"पण तुझं बोलणं असं मधेच तोडलं, ते मला नाही चाललं, ताई."

"सही वाचता येईल अशी कर," ती म्हणाली आणि पेन पुढे केलं. त्या रविवारी ते दोघं पुन्हा आमच्याकडे जेवायला आले. लीगचा विषय निघाला, भांडण झालं, पण यावेळी आत्या ताट संपवून गेली.

कलमाचा प्रस्ताव पहिल्या वर्षी फेटाळला गेला. दुसऱ्या वर्षी तो क्लबने विचाराधीन ठेवलाय. विचाराधीन म्हणजे काय ते आत्याला चांगलं माहीत आहे, हॉस्पिटलमध्ये धुलाईघराच्या पंख्यांचा अर्ज अकरा वर्षं विचाराधीन होता. या उन्हाळ्यात ती निवृत्त झाली. आता शनिवारची वाट बघावी लागत नाही म्हणून बुधवारीही कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसते, कागद मांडीवर घेऊन. सुरक्षारक्षक आधी हटकायचा, आता तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवतो, आणि त्याची सही बाराव्या पानावर आहे. गेल्या बुधवारी जनसंपर्कवाली बाई गाडीतून उतरली आणि तिला बघून दुसऱ्या दाराकडे वळली. आत्याने तिला हाक मारली आणि विचारलं, की विचार कुठपर्यंत आला.